दारात चालू गाडी

रविवारी सकाळी सव्वासहाला वाल्मीक पगारेनं गाडीची किल्ली फिरवली, तेव्हा शेजारी बसलेल्या बायकोच्या, मालनबाईंच्या, मांडीवर दोन वस्तू होत्या. एक मुलीच्या, करुणाच्या, लग्नाची पत्रिका आणि दुसरं मनगटी घड्याळ. पत्रिका नवऱ्याच्या बहिणीसाठी होती. घड्याळ होतं ते भावाच्या गाडीसाठी.

गाडी रंगनाथची. रंगनाथ हा मालनबाईंचा धाकटा भाऊ, बोटीवर फिटर. त्यानं जपानहून ही एवढीशी लाल गाडी आणली होती. तिला डिकी म्हणून वेगळी नव्हतीच. मागची काच दारासकट वर उचलली जायची. त्या काचेवर 'टर्बो' असं लिहिलेलं होतं. नाशिकरोडच्या त्यांच्या कॉलनीतल्या कुसाबाईंनी ते कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि तेव्हापासून त्या गाडीला टरबूज म्हणत. रंग लाल असल्यामुळे कुणी त्यांची चूक सुधारली नाही.

बोटीवर परत जाताना रंगनाथ गाडी वाल्मीकच्या दारात ठेवून गेला. वाल्मीक पाटबंधारे खात्यात जीपवर ड्रायव्हर. बावीस वर्षांत एक ओरखडा नाही. तरीसुद्धा रंगनाथनं त्याला समोर बसवून शिकवणी घेतली होती.

"भाऊजी, हिच्या आत एक पंखा आहे. धुराच्या जोरावर फिरतो, मिनिटाला लाखभर फेरे. गाडी पळवून आणली आणि पटकन बंद केली, की तेल थांबतं. पंखा मात्र फिरतच राहतो, कोरडा. जळून जाईल. आणि तो आपल्याकडे कुठेही मिळत नाही."

"मग करायचं काय?"

"थांबलात की इंजिन तीन मिनिटं नुसतं चालू ठेवायचं, मग बंद. ऐंशीच्या वर पळवली किंवा घाट चढला, तर पाच मिनिटं."

वाल्मीकनं मान डोलावली. साहेब सांगतील तिथं थांबायचं आणि सांगतील तेव्हा निघायचं, यात त्याची निम्मी हयात गेली होती. त्यात आणखी एक पंखा आला, एवढंच. मालनबाईंनी मात्र ती पाच मिनिटं मनावर घेतली. भावाची गाडी म्हणजे त्यांना माहेरचं माणूस.

आजचा प्रवास होता शिरपूरचा, दोनशे किलोमीटरचा. शिरपूरला वाल्मीकची थोरली बहीण चंद्रभागाआक्का राहायची, आणि ती सात वर्षं त्याच्याशी बोलत नव्हती. कारण म्हटलं तर अगदी लहान होतं. आक्काच्या नव्या घराची घरभरणी होती. पंगत बसायला उशीर झाला. वाल्मीकला दोनची एसटी धरायची होती, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा दौरा होता. तो न जेवता निघाला. आक्का दारापर्यंत आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "एसटीच्या टायमानं येणारा भाऊ मला नको. सोताची गाडी असंल तवा ये. आन् बसायला ये."

त्यानंतर त्यानं सात वर्षांत पंधरावीस पत्रं टाकली, उत्तर एकाचंही आलं नाही. हे असंच चाललं असतं. पण करुणा लहानपणी दोन वर्षं आत्याकडे शिरपूरलाच वाढली होती. तिनं परवा बापाला सांगितलं, "आप्पा, आत्या आली नाही तर मी हार हातातच धरणार नाही. मग बसा मंडप घालून." करुणा आत्याच्याच वळणावर गेली होती, म्हणून वाल्मीकला ते खरं वाटलं. त्यानं शिरपूरला एक कार्ड टाकलं आणि मेव्हण्याची गाडी काढली. निदान या वेळी एसटीचं नाव निघणार नव्हतं.

गाडी पन्नासपर्यंत अगदी सभ्य वागायची. साठ ओलांडले की आतून बारीक शिट्टी ऐकू यायची आणि मागून कुणी ढकलावं तशी ती सुटायची. ओझरच्या पुढे शिरपूरची सहाची एसटी दिसली. वाल्मीकनं पाय किंचित दाबला, शिट्टी वाजली आणि एसटी मागे पडली.

"अहो, खिडकीत शकुबाई होती! आक्कांच्या गल्लीतली," मालनबाई म्हणाल्या. "बघा बरं, आपण तिच्या आधी पोचणार."

"आधीच पोचायला हवं," वाल्मीक म्हणाला. बऱ्याच वर्षांनी त्याला गाडी चालवताना बरं वाटत होतं.

पण ते बरं वाटणं चांदवडपर्यंतच टिकलं. जपानचे रस्ते कसे असतील ते असोत, ही गाडी त्यांच्या भरवशावर बनवली होती. बसायची जागा जमिनीला टेकलेली, स्प्रिंगा कडक. आग्रा रोडवरचा एकेक खड्डा मालनबाईंच्या कमरेनं मोजून घेतला. चांदवडला त्या म्हणाल्या, "जरा उतरू द्या. चहा घेऊ."

वाल्मीकनं टपरीशी गाडी थांबवली. मालनबाईंनी काट्याकडे बघितलं होतं. गाडी पंच्याऐंशीवर गेली होती. "पाच मिनिटं," त्या म्हणाल्या आणि घड्याळ हातात धरून उभ्या राहिल्या. कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन आलेला एक शेतकरी जवळ आला. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली.

"बिघाडली का?"

"नाही."

"मंग बंद का नाय करीत?"

"बंद केली तर बिघडेल."

शेतकऱ्यानं विचार केला. "आमचा टॅक्टर उलटा हाय," तो म्हणाला. "चालू केला का बिघाडतो."

टपरीवाल्यानं चालू गाडी बघितली, गिऱ्हाइकाला घाई आहे असं धरलं आणि चहा उकळी यायच्या आधीच गाळला. तो कोमट चहा घेऊन होईपर्यंत चार मिनिटं झाली. पाचव्या मिनिटाला शिरपूरची एसटी धुरळा उडवत पुढे गेली. खिडकीतून शकुबाईंनी मान वळवून वळवून बघितलं.

आता एसटी पुढे गेली म्हटल्यावर गाडी पळवणं आलं. राहुडचा घाटही आला. मालेगावच्या अलीकडे त्यांनी एसटीला पुन्हा गाठलं आणि मागे टाकलं. पण तेवढ्यात पेट्रोलचा काटा लाल खुणेवर टेकला. टाकी लहान, आणि शिट्टी वाजायला लागली की गाडी पेट्रोल अक्षरशः प्यायची. वाल्मीक पंपावर वळला.

"चाचा, इंजन बंद करो," पंपावरचा माणूस म्हणाला.

"पाच मिनिटांनी करतो."

"पाच मिनट में तो पंपही उड जायेगा, चाचा. पहले बंद करो."

मालनबाईंनी खिडकीतून घड्याळ दाखवलं. त्या माणसानं घड्याळ बघितलं, म्हणाला, "साडेआठ," आणि हातानं बाहेरचा रस्ता दाखवला. वाल्मीकनं गाडी पंपाबाहेर नेऊन चिंचेखाली उभी केली. घाटाची आणि ऐंशीची मिळून पाच की दहा, यावर नवराबायकोत थोडी चर्चा झाली. रंगनाथनं ते सांगितलं नव्हतं. मालनबाईंनी सात ठरवली. सातव्या मिनिटाला इंजिन बंद केलं, पुन्हा सुरू केलं, पंपावर नेलं, पुन्हा बंद केलं आणि पेट्रोल भरलं. दरम्यान एसटी गेली. शकुबाई या वेळी उठून उभ्या राहिल्या होत्या.

धुळ्याला मालनबाईंची कंबर पूर्ण धरली आणि तिथंही हेच झालं. जितकी गाडी जोरात पळे, तितकं ती थांबल्यावर जास्त उभं राहावं लागे. आणि जितकं उभं राहावं लागे, तितकी ती पुन्हा जोरात पळवावी लागे. या गाडीनं कुठं वेळेवर पोचायचं असेल तर ती हळू चालवावी, असं वाल्मीकच्या ध्यानात आलं ते शिरपूरच्या वेशीवर. एसटी त्यांच्या अर्धा तास आधी पोचली होती.

आक्काच्या दारात त्यानं गाडी उभी केली आणि तो खाली उतरला. मालनबाई घड्याळ घेऊन उतरल्या. इंजिन गुरगुरत होतं.

ओट्यावर आक्का उभी होती. तिच्यामागे निवृत्तीदाजी, म्हणजे आक्काचे यजमान. एसटीच्या डेपोत मिस्त्री होते, आता रिटायर. आणि आक्काच्या बाजूला, अजून पिशवीसुद्धा खाली न ठेवलेल्या शकुबाई.

"जय भीम, आक्का," वाल्मीक म्हणाला.

"जय भीम. या पाहुणे," आक्का म्हणाली.

ज्या बहिणीनं वाल्मीकला कडेवर घेऊन फिरवलं, कान धरून शाळेत नेलं, ती सात वर्षांनी त्याला परक्यासारखं 'या' म्हणाली. त्यापेक्षा ती भांडली असती तर परवडलं असतं.

आक्कानं गाडीकडे बघितलं. "चालूच हाय वाटतं."

"हो, ती जरा..."

"म्हंजे बसायचं नाय."

"नाही हो आक्का, तसं नाही," मालनबाई घाईनं मध्ये पडल्या. "फक्त पाच मिनिटं!"

"पाच मिन्टं?" आक्का शकुबाईंकडे वळली. "आयकलं का? मागल्या टायमाला तासभर तरी हुता. आता सोताची गाडी आली, तर पाच मिन्टं."

"म्या सांगतेच हाय ना कवाची," शकुबाई म्हणाल्या. "चांदवडला उभं, मालेगावला उभं, धुळ्याला उभं. गाडी आपली चालूच. मला वाटलं, म्होरं यावं का माघारी जावं ह्याचा इचार चाल्लाय."

"शकुबाई, तो पंखा असतो आत," वाल्मीक कळवळून म्हणाला. "आक्का, पंखा फिरतो तो लगेच थांबत नाही, म्हणून—"

"पंखा माझ्या घरात पन हाय. बसला असता तर लावला असता." आक्कानं हात पुढे केला. "पत्रिका द्यायची ना? द्या हितंच. पानी आनते, उभ्यानंच घ्या. घोड्यावर बसून आलेल्या मान्साला सतरंजी कशाला टाकायची?"

मालनबाईंनी पत्रिका दिली. आक्कानं ती न उघडता दाराजवळच्या कोनाड्यात ठेवली आणि ती आत वळली. तिच्या पाठीचा ताठपणा वाल्मीकच्या चांगला ओळखीचा होता. घरभरणीच्या दिवशी ही पाठ अशीच आत गेली होती, आणि मग सात वर्षं बाहेर आली नव्हती. त्याच्या डोळ्यांसमोर मंडपात रिकामा हात घेऊन बसलेली करुणा आली.

"अहो, दोन मिनिटं झाली," मालनबाई हळूच म्हणाल्या. "तीन राहिली."

वाल्मीक गाडीकडे गेला. त्यानं खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवली. गुरगुर थांबली. गल्लीत एकदम इतकी शांतता झाली की शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू आला.

"अहो! काय केलंत हे! अजून तीन मिनिटं होती!"

"असू देत."

"असू देत काय? जळाला आता तो पंखा! माझ्या भावानं सातासमुद्रापलीकडून आणलेली गाडी, आणि तुम्ही..." मालनबाईंनी कपाळाला हात लावला. त्या ओट्याच्या पायरीवर बसल्या.

आक्का पाण्याचा तांब्या घेऊन परत आली होती. "काय झालं हिला?"

दाजी गाडीच्या नाकाशी वाकून वास घेत होते. "त्यानं गाडी बंद केली," ते म्हणाले. "अशी बंद करायची नसती म्हने. इंजान खराब हुतं."

"मंग केली कशाला?"

आक्कानं गाडीकडे बघितलं, मग भावाकडे बघितलं. तो घामानं निथळत, किल्ली मुठीत धरून उभा होता. तिनं तांब्या ओट्यावर ठेवला.

"चपला काढ," ती म्हणाली. "पाय धू. उन्हात उभा राहू नको."

तो एकेरी 'काढ' ऐकून वाल्मीकला हायसं वाटलं. शकुबाईंना मात्र आपलं काम संपल्यासारखं वाटलं आणि त्या पिशवी घेऊन घरी गेल्या.

जेवण आधीच तयार होतं. खापरावरचे मांडे, आमटी, कुरडया, आंब्याचा रस. एवढं कार्ड मिळाल्याशिवाय होत नाही, हे वाल्मीकला कळलं; पण ते बोलून दाखवायची त्याची टाप नव्हती. तो हात धुवून पाटावर बसला. दाजी मागाहून आले, ते मात्र बराच वेळ हात धूत होते.

"आक्का, सोळा तारखेला लग्न आहे," तिसऱ्या मांड्यावर त्यानं हिंमत केली.

"जेवताना बोलू नाय."

चौथ्या मांड्यानंतर तो बोलण्याच्या स्थितीतच राहिला नाही. पत्रिका कोनाड्यात होती तशीच होती. आक्का येईन म्हणाली नव्हती आणि येणार नाही असंही म्हणाली नव्हती. चार वाजता तो उठला. "आक्का, निघावं लागेल. उद्या आठला साहेबांना धरणावर न्यायचंय."

"निघा की," आक्का म्हणाली. "कोन आडवतंय?"

मालनबाई मनातल्या मनात पंख्याला विनवत गाडीत बसल्या. वाल्मीकनं किल्ली फिरवली. आतून कुरकुर झाली, गाडी जागच्या जागी हलली आणि गप्प बसली. त्यानं पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. पाचव्यांदा मालनबाई खाली उतरल्या आणि पदर डोळ्यांना लावून घरात गेल्या.

दाजींनी बॉनेट उघडलं. आत नळ्यांचा नुसता गुंता होता. जीप बिघडली की खात्याचा मिस्त्री यायचा. पाणी आणि ऑइल यापलीकडे वाल्मीकनं कशाला कधी हात लावला नव्हता.

"पंखाच ना, दाजी?"

"आसंल."

"दुरुस्त होईल?"

"जपानी काम हाय. हात नको लावू." दाजींनी बॉनेट खाली टाकलं.

वाल्मीक चाकाशी टेकून जमिनीवर बसला. रंगनाथला काय तोंड दाखवायचं, मालनला आयुष्यभर काय सांगायचं, उद्या साहेबांना काय सांगायचं. आणि हे सगळं घालवून बहीण लग्नाला येणार की नाही, ते शेवटी कळलंच नाही. त्याचे डोळे भरून आले. बावीस वर्षांत गाडीपायी तो पहिल्यांदा रडायच्या बेताला आला होता.

दाजी थोडा वेळ इकडेतिकडे बघत राहिले. मग त्यांनी घराकडे नजर टाकली, ते त्याच्याशेजारी उकिडवे बसले आणि बंडीच्या खिशातून सुपारीपेक्षा थोडा मोठा काळा तुकडा काढून त्यांनी त्याच्या हातावर ठेवला.

"हे काय?"

"रोटर. ह्याच्याबिगर करंट जात नाय. तू हात धुत हुता तवा काढला." दाजी अगदी खालच्या आवाजात बोलत होते. "तुझ्या गाडीला काय बी झालं नाय. एका येळंनं काय पंखा जळत नाय. माझं नाव सांगू नको. सकाळपर्यंत द्यायचा नाय आसं तिनं बजावलंय. पन तुझं त्वांड बघवंना."

"आक्कानं काढायला लावला?"

"मंग मी काय हौसंनं काढला? म्हनली, जेवला का पळंल तो. सात वर्सं वाट बघितली, आता एक रात तरी राहू दे."

वाल्मीक त्या तुकड्याकडे बघत राहिला. हा बसवायला दोन मिनिटं लागली असती. हळू चालवली तरी दहापर्यंत नाशिक, आणि सकाळी आठला धरण. त्यानं उघड्या दारातून आत बघितलं. आक्का खुर्चीवर चढून माळ्यावरची गादी खाली ओढत होती. गाडीचं काय झालं, हे तिनं अजून कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं.

त्यानं रोटर शर्टाच्या खिशात टाकला, वरून बटण लावलं आणि तो घरात गेला.

"आक्का, काही इलाज नाही. गाडी सुरूच होत नाही."

"आगं बाई!" आक्का म्हणाली. तिनं चेहरा वाईट वाटल्यासारखा करायचा फार प्रयत्न केला. "आता रं?"

"आता काय? राहतो. साहेबांना फोन लावून येतो, गाडी बंद पडली म्हणून."

"लाव, लाव. दुसरा डायवर बघतील म्हनावं." तिनं गादी झटकायला घेतली. मालनबाई कोपऱ्यात नाक पुसत होत्या. त्यांच्या पाठीवरून तिनं जाता जाता हात फिरवला. "तू रडू नको गं. सकाळी हुईल गाडी चालू. ह्यांना लय कळतं त्यातलं."

दाजींना ओट्यावर खोकल्याची उबळ आली.

आक्कानं गादीवर चादर घातली, सुरकुती काढली, आणि पाठमोरीच राहून विचारलं, "मंग सकाळी किती वाजता निघायचं आपन?"

वाल्मीकला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "आपण म्हणजे?"

"आपन म्हंजे आपन. म्या, तू आन् ही."

"अगं पण, लग्नाला अजून बारा दिवस आहेत."

"मंग? पापड कुनी लाटायचे, पोरीला हळद कुनी लावायची? तुझे सायेब येनारेत का?"

असं म्हणून ती ट्रंकेतून लुगडी काढायला आतल्या खोलीत गेली. वाल्मीक तिथंच गादीवर बसला. फोन करायला जायचं होतं. पण त्याची त्याला काही घाई वाटली नाही.